जुनी मोटार पीयूसीत नापास झाली तर

आमच्या परिचयाचे एक फर्निचरचे कारागीर रत्नागिरी जिल्ह्यात राहतात. त्यांच्याकडे १९९८ सालची, कार्ब्युरेटरवर चालणारी मारुती ८०० आहे. गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन माप घेणे, सनमायकाचे नमुने दाखवणे, बिजागऱ्या-कुलुपांची खरेदी ही सगळी धावपळ त्याच गाडीवर चालते. २०२३ साली गाडीच्या नोंदणीची मुदत पुन्हा संपत आली. नूतनीकरणासाठी विमा हवा आणि पीयूसीही हवे. पीयूसीला गाडी नेली आणि नापास झाली. एका मिस्त्रीकडून 'सेटिंग' करून पुन्हा नेली, पुन्हा नापास. मग भंगारवाल्याने येऊन किंमत सांगितली आणि चार शहाण्यांनी सल्ला दिला, "भाई, देऊन टाका, जुन्या गाड्या आता बंदच होणार आहेत."

गाडी दिली असती तर त्याच कामासाठी दुसरी घ्यावी लागली असती, म्हणजे दोन-तीन लाखांचे कर्ज डोक्यावर. प्रत्यक्षात गाडीत जो दोष निघाला तो दुरुस्त करायला अडीच हजारही लागले नाहीत. आमच्या वाचकांत जुनी मोटार, व्हॅन किंवा टेम्पो बाळगणारे पुष्कळ आहेत आणि गॅरेज चालवणारे मिस्त्रीही थोडे नाहीत. दोघांच्याही उपयोगी पडेल म्हणून हा विषय जरा तपशिलाने मांडत आहोत.

आधी 'जुन्या गाड्या बंद' या अफवेबद्दल. दहा वर्षांपुढचे डिझेल आणि पंधरा वर्षांपुढचे पेट्रोल वाहन चालवण्यास मनाई करणारा २०१५ सालचा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश, जो सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला, तो दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता होता. महाराष्ट्रातील खाजगी मोटारीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. मात्र गाडी चालण्याच्या लायक असली पाहिजे, आणि फीही आता हलकी राहिलेली नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. पर्यावरण कर वेगळा. गाडी ठेवावी की काढावी याचा हिशेब करताना हे आकडे धरावेत, पीयूसीत एकदा नापास झाली एवढ्यावरून निर्णय घेऊ नये.

नापास झालेल्या गाडीच्या मालकाला कारण विचारले तर बहुतेक जण "धूर जास्त आहे म्हणाले" एवढेच सांगतात. हे उत्तर डॉक्टरकडून येऊन "तब्येत बरी नाही म्हणाले" असे सांगण्यासारखे झाले. पेट्रोल गाडीच्या तपासणीत धूर मोजतच नाहीत. सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या हवेतले दोन वायू मोजतात. एक कार्बन मोनॉक्साइड, तो टक्क्यांत येतो आणि कागदावर सीओ असा लिहिलेला असतो. दुसरा हायड्रोकार्बन, म्हणजे न जळता बाहेर पडलेले पेट्रोल. तो दहा लाख भागांत किती भाग, म्हणजे पीपीएममध्ये येतो आणि त्याला एचसी म्हणतात. जून २०२१ च्या अधिसूचनेने देशभर पीयूसीचा नमुना एकच झाला, आणि नापास झालेल्या गाडीच्या मालकाला नापासाची चिठ्ठी देण्याची तरतूदही तिच्यातच आली. ही चिठ्ठी मागून घ्यावी. ती दाखवून गाडी दुरुस्तीला नेता येते, आणि यंत्रातच बिघाड असल्याची शंका असेल तर दुसऱ्या केंद्रावर तपासून घेता येते. मिस्त्रीच्या दृष्टीने त्या दोन आकड्यांत अर्धे निदान असते.

मर्यादा सगळ्या गाड्यांना सारखी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ११५ प्रमाणे, भारत स्टेज-२ च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला सीओ ३ टक्के आणि एचसी १,५०० पीपीएमपर्यंत चालतो. भारत स्टेज-२ आणि ३ च्या मोटारींना सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५०. भारत स्टेज-४ पासून पुढे सीओ ०.३ टक्के आणि एचसी २००, शिवाय इंजिन सुमारे अडीच हजार फेऱ्यांवर ठेवून दुसरी तपासणी होते, तिच्यात सीओ ०.२ टक्के आणि हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा लॅम्ब्डा नावाचा आकडा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान यावा लागतो. डिझेल गाडीचा मात्र खरोखरच धूर मोजतात. भारत स्टेज-४ च्या आधीच्या गाडीला ६५ हार्ट्रिज आणि भारत स्टेज-४ ला ५० हार्ट्रिज ही मर्यादा आहे. आपली गाडी कोणत्या स्टेजची हे आरसीवर पाहावे आणि केंद्रावर बसलेल्या मुलाने तीच नोंद धरली आहे ना, याचीही खात्री करावी. १९९८ ची गाडी चुकून नंतरच्या स्टेजमध्ये गेली तर कितीही चांगली असली तरी पास व्हायची नाही.

आता आमच्या कारागीर मित्राच्या चिठ्ठीकडे वळू. पहिल्या तपासणीत सीओ ५.६ टक्के आणि एचसी २,१०० असे आकडे होते. सीओ जास्त याचा अर्थ पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते आहे. चुलीत लाकडे जास्त आणि वारा कमी असला की निखारा धुमसतो, तसाच हा प्रकार. एचसी जास्त याचा अर्थ काही पेट्रोल पेटतच नाही, तसेच बाहेर पडते. पहिल्या मिस्त्रीने काय केले? कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू आत आवळत नेला. पेट्रोल कमी झाले, सीओ ०.९ वर आला आणि मिस्त्री खूश झाला. पण आता मिश्रण इतके पातळ झाले की ठिणगी पडूनही ते नीट पेटेना. स्लोवर गाडी थरथरू लागली, पिकअप गेला, आणि एचसी ३,२०० वर चढला. पुन्हा नापास.

ही चूक आम्ही इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिच्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिणे भाग आहे. मिक्श्चर स्क्रू हा दुरुस्तीचा सर्वांत शेवटचा भाग आहे, पहिला नव्हे. बाकी सगळे ठीक असताना जो थोडा फरक उरतो तेवढाच त्याने काढायचा. एअर फिल्टर तुंबलेला, चोक अडकलेला, प्लगची वायर फुटलेली, आणि तरीही स्क्रू फिरवून आकडा आणायचा, हे म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर थंड पाण्यात बुडवणे.

दुसरे मिस्त्री वयस्क होते. त्यांनी स्क्रूला हातच लावला नाही. आधी एअर फिल्टरचे झाकण उघडले. गाडी रोज कारखान्यात, रंधा आणि कटर मशीनच्या शेजारी उभी राहते. फिल्टरच्या कागदावर लाकडाच्या बारीक भुशाचा थर इतका घट्ट बसला होता की उजेडाकडे धरला तर पलीकडचे काही दिसेना. मालकाला विचारले, फिल्टर शेवटचा कधी बदलला? त्यांना आठवेना. पिठाची गिरणी, कापूस पिंजण्याचा कारखाना, सिमेंटचे दुकान, दगडाची खाण यांच्या आसपास गाडी उभी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कंपनीच्या पुस्तिकेतील मुदत चांगल्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीसाठी असते, तुमची मुदत तिच्या निम्मी समजा. हवेच्या झोताने साफ केलेला फिल्टर एक-दोनदा चालतो, त्यानंतर नवाच घालावा.

फिल्टर काढल्यावर कार्ब्युरेटरच्या तोंडाशी चोकची पट्टी दिसली. आत डॅशबोर्डवरचा चोक पूर्ण दाबलेला होता, पण केबल गंजून आखडल्यामुळे पट्टी पूर्ण उघडत नव्हती. म्हणजे गाडी वर्षभर अर्ध्या चोकवर चालत होती आणि मालक ॲव्हरेजच्या नावाने पेट्रोल पंपाला दोष देत होते! केबल बदलली, पट्टीच्या सांध्यावर साफसफाईचा स्प्रे मारला. फ्लोटची पातळी आणि सुई तपासली, ती ठीक निघाली. सुई झिजली असती तर पेट्रोल वरून वाहून सीओ वाढलाच असता, म्हणून ती तपासणे आवश्यकच होते.

मग एचसीचा माग. त्यांनी संध्याकाळी अंधार पडल्यावर बॉनेट उघडून गाडी चालू केली. एका प्लगच्या वायरवरून इंजिनच्या अंगावर निळसर ठिणग्या पडताना दिसल्या. वायरचे रबर चिरलेले होते. तीन सिलिंडरांच्या गाडीत एक सिलिंडर अधूनमधून 'मिसिंग' करत असेल तर त्याच्या वाट्याचे सगळे पेट्रोल कच्चेच सायलेन्सरमध्ये जाते. अंधारात पाहण्याची ही युक्ती फुकटची आहे आणि कोणालाही करता येते, फक्त हात, ओढणी किंवा सैल बाही पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ जाऊ देऊ नये. वायरचा सेट आणि तिन्ही प्लग नवे घातले. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आतली काळपट पूड पुसली. पॉइंट असलेल्या गाडीत पॉइंट, कंडेन्सर आणि टायमिंग याच वेळी पाहून घ्यावे. टॅपेटचेही तसेच. वॉल घट्ट झाला की तो पूर्ण बंद होत नाही आणि स्लोवर तेच मिसिंग चालू राहते.

शेवटी इंजिन ऑइल. याचा धुराशी काय संबंध, असे वाचक विचारतील. मिश्रण बरेच दिवस घट्ट राहिले असेल तर थोडे पेट्रोल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरते. ऑइल गरम झाले की त्याची वाफ श्वासनळीच्या पाइपातून पुन्हा इंजिनातच खेचली जाते आणि सगळे दुरुस्त करूनही सीओ थोडा वरच राहतो. डिपस्टिक काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदलून मगच तपासणीला जावे.

एवढे झाल्यावर त्यांनी गाडी वीस मिनिटे रस्त्यावर फिरवून गरम केली आणि मग स्क्रू घेतला. पहिल्याने आवळलेला स्क्रू सैल करून स्लो सर्वांत वर आणि सर्वांत शांत कुठे चालते ती जागा शोधली, तिथून स्लो किंचित उतरू लागेपर्यंत आत घेतला, आणि मग ॲक्सिलरेटरच्या स्क्रूने स्लो पुस्तिकेप्रमाणे बांधला. तिसऱ्या तपासणीत सीओ १.९ आणि एचसी ४८० आला. जमल्यास हे शेवटचे काम वायू मोजणारे यंत्र लावून करावे. मोठ्या गॅरेजमध्ये ते असते, आणि ओळखीचा पीयूसीवाला आधी नुसते आकडे दाखवायला तयार असेल तर उत्तमच. त्या यंत्रावर आणखी दोन आकडे दिसतात, तेही मिस्त्री मंडळींनी वाचायला शिकावे. कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर जळण चांगले होत आहे. ऑक्सिजन जास्त आणि एचसीही जास्त असेल तर इंजिन कुठून तरी फालतू हवा घेत आहे किंवा ठिणगी चुकत आहे. सीओ आणि एचसी दोन्ही जास्त, ऑक्सिजन कमी, असे असेल तर पेट्रोल जास्त पडते आहे. फालतू हवा बहुधा कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगमधून किंवा तडकलेल्या व्हॅक्यूमच्या रबरी नळीतून येते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. जुन्या गाडीतले रबर त्या हिशेबाने बनवलेले नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या, पॅकिंग आणि पंपाचा पडदा वर्षातून एकदा पाहावा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण आधीच थोडे पातळ होते. सीओ कमी दिसतो पण थंड इंजिन अडखळते. तेथे स्क्रू आणखी आवळणे म्हणजे रोग वाढवणे होय.

इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय गाड्यांत स्क्रू नाही, सगळा कारभार कॉम्प्युटरच्या हाती आहे. पण कॉम्प्युटरला जे सांगाल त्यावरच तो चालतो. सायलेन्सरच्या तोंडाशी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर वयाने सुस्त होतो आणि मिश्रण घट्ट होत जाते. इंजिनच्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडला तर कॉम्प्युटरला वाटते इंजिन अजून थंड आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. येथे आमच्याकडची एक वाईट खोड सांगणे जरूर आहे. गाडी गरम होते म्हटले की पुष्कळ मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते कसेबसे खपून जाते. एमपीएफआय गाडीत इंजिन कधीच पुरेसे तापत नाही, कॉम्प्युटर सतत थंड इंजिनाचे पेट्रोल देतो, ॲव्हरेज घसरतो आणि ०.५ टक्क्याची मर्यादा ओलांडली जाते. गाडी खरोखर गरम होत असेल तर रेडिएटर, पंखा आणि पाण्याचा पंप पाहावा आणि थर्मोस्टॅट नवा घालावा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल गिऱ्हाईकाची फसवणूक सर्वांत जास्त होते. १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि त्यासाठीच शिसेविरहित पेट्रोल आले. आत मधाच्या पोळ्यासारखा चिनी मातीचा ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. तो सुमारे अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामच करत नाही. नापास झालेली गाडी पाहताच "कॅट गेला, बदला" म्हणणारे गॅरेजवाले आहेत. कॅट सहसा आपण होऊन मरत नाही, त्याला मारले जाते. मिसिंग करणारा प्लग कच्चे पेट्रोल त्याच्यावर ओततो, ते तिथे पेटते आणि ठोकळा वितळतो. ऑइल खाणारे इंजिन त्याच्यावर थर चढवते. म्हणून आधी मिसिंग आणि ऑइल बंद करा, मगच कॅटचा विचार करा, नाहीतर नवाही वर्षभरात जाईल. सायलेन्सर ठोकला असता आत खुळखुळ वाजत असेल तर मात्र ठोकळा फुटला आहे हे नक्की. कॅट बदलायचा झालाच तर जुना परत मागून घ्यावा. त्यातील धातूंना भंगारात चांगला भाव आहे, आणि ज्याच्या गाडीतून तो निघाला त्याचाच त्यावर हक्क आहे. "पिकअप वाढतो" म्हणून आतला ठोकळा फोडून पोकळ डबा ठेवणारेही भेटतात. अशी गाडी पुढच्या पीयूसीत पडते आणि नव्या कॅटचा पूर्ण खर्च मालकाच्या अंगावर येतो.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकारा येऊन मग बंद होत असेल तर बहुधा वॉल सील गेले, त्याचा खर्च आटोक्यात असतो. रेस दिल्यावर सतत येत असेल तर रिंगा. तेव्हा कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि तिथे मात्र गाडीच्या किमतीशी खर्चाची तुलना करावी, भावनेच्या आहारी जाऊ नये.

डिझेलवाल्यांचे प्रकरण वेगळे आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पहिला पत्ता पुन्हा एअर फिल्टर. दुसरा नोझल. नोझल बेंचवर लावून दाब आणि फवारा पाहावा. फवारा धुक्यासारखा हवा, धार पडत असेल तर धूर होणारच. तिसरा पंप. माल जास्त भरता यावा म्हणून पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून घेणारे टेम्पोवाले आम्हाला ठाऊक आहेत. चढावर गाडी ओढते खरी, पण वाढवलेले डिझेल जळत नाही, धुरावाटे जाते, म्हणजे धूर दिसतो ते आपलेच पैसे उडताना दिसतात. पंप जाणकाराकडून कॅलिब्रेट करून घ्यावा. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी फाटलेली नाही ना हे हाताने चाचपून पाहावे.

डिझेलच्या तपासणीत न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबून इंजिन वरच्या टोकापर्यंत नेतात, आणि हे एकदा नव्हे, अनेकदा करतात. तेव्हा टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनाची मुदत उलटून गेली असेल, किंवा ऑइल कमी असेल, तर तपासणीच्या जागीच इंजिन फुटण्याचा धोका असतो. बेल्टची तारीख माहीत नसेल तर आधी बेल्ट, मग पीयूसी. तपासणीला जाण्याआधी गाडी दहा-पंधरा किलोमीटर हमरस्त्यावर जरा दमात चालवावी, म्हणजे सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी रस्त्यातच निघून जाते.

पेट्रोल गाडीलाही हाच नियम. घरासमोर अर्धा तास स्लोवर उभी ठेवून गाडी नीट तापत नाही, ती चालवावी. केंद्रावर रांग असेल तर इंजिन बंद करून थंड होऊ देऊ नये. तपासताना एसी, दिवे, पंखा बंद आणि चोक पूर्ण आत. नळी सायलेन्सरमध्ये निदान ३०० मिलिमीटर, म्हणजे फूटभर आत गेली पाहिजे. टोकाशी नुसती अडकवली तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटा येतो. सायलेन्सरला भोक असेल तर ते आधी वेल्डिंग करून घ्यावे. भोकामुळे आकडा कमी दिसतो म्हणून काही जण ते मुद्दाम ठेवतात, पण एमपीएफआय गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधी भोक असेल तर सेन्सर फसतो आणि उलट पेट्रोल वाढते. टाकीत थिनर किंवा स्पिरिट ओतण्याचे उपाय सांगणारे मित्र प्रत्येक गावात असतात, त्यांच्या स्वतःच्या गाडीवर प्रयोग करण्यास सांगावे.

राहता राहिला कायदा. भारत स्टेज-४ आणि ६ च्या गाड्यांचे पीयूसी एक वर्ष चालते, त्याआधीच्या गाड्यांचे सहा महिने. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आली. २०२१ च्या नियमांप्रमाणे अधिकाऱ्याला शंका आल्यास तो गाडी तपासणीला हजर करण्याचा आदेश देऊ शकतो, आणि तो न पाळल्यास किंवा गाडी नापास झाल्यास वैध पीयूसी येईपर्यंत आरसी निलंबित होऊ शकते. विम्याच्या बाबतीत २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय नूतनीकरण करू नये असे सांगितले होते, ती अट जुलै २०२४ मध्ये थर्ड पार्टी विम्यापुरती काढून टाकण्यात आली. अपघाताच्या वेळी पीयूसी नव्हते एवढ्याच कारणावरून विम्याचा दावा नाकारता येत नाही, असे विमा नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. पुष्कळांना हे ठाऊक नसते आणि ते दावाच करत नाहीत.

गाडी न आणता पीयूसी काढून देणारेही कुठे ना कुठे भेटतात. आमच्या मित्रालाही दुसऱ्या नापासानंतर असा निरोप आला होता, तपासणीच्या दरापेक्षा पाचपट पैसे द्या, गाडी आणू नका. ते घेतले असते तर कागद मिळाला असता, पण चोक तसाच अडकलेला राहिला असता. त्यांनी नंतर आम्हाला हिशेब दाखवला. दुरुस्तीपूर्वी गाडी लिटरला अकरा किलोमीटर देत होती, आता पंधरा-सोळा देते. महिन्याला आठशे-नऊशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तीन महिन्यांतच दुरुस्तीचा खर्च निघून आला. त्यांची पुढची तपासणी सहा महिन्यांनी होती. तिच्या आठवडाभर आधी त्यांनी स्वतःच फिल्टर बदलला आणि पहिल्याच फेरीत पास झाले.

नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत करता येतो. गाडीची दुरुस्ती आणि पीयूसी त्याच्याही महिनाभर आधी उरकून घ्यावे, म्हणजे एखादा भाग मुंबईहून मागवावा लागला तरी मुदत उलटत नाही आणि विलंबाचा आकार भरावा लागत नाही.